मुळ्यांची रात्र

वाहाकाच्या चौकात वर्षातून एक रात्र
मुळे खायचे नसतात.
खाताही येत नाहीत म्हणा.
जमिनीत मुद्दाम जास्त दिवस ठेवलेले,
मांडीएवढे सुजलेले, आतून दगड.
तेवीस डिसेंबरला त्यांचे देव होतात.

कोणे एके काळी भाजीवाल्यांनी
गिऱ्हाईक खेचायला मुळ्याला नाकडोळे काढले, म्हणे.
गिऱ्हाईक अजून येतंच आहे,
रांग पार चर्चच्या मागे वळते.

मी चौक झाडतो. अबुंदियो माझं नाव.
एकवीस वर्षं तोच खराटा;
दांडा तीनदा बदलला, काड्या किती वेळा ते विचारू नका.
कोणाच्या बैलाचं शिंग तुटलं,
कोणाचा देवदूत उडायच्या आधीच वाकला,
परीक्षकांच्या आधी मला कळतं.

साल म्हणजे झगा. गर म्हणजे चेहरा.
टोकाची बारीक मुळं म्हणजे मेंढपाळाची दाढी.
पाल्याचं काही होत नाही. पाला माझा.

सत्तावीस नंबरचं टेबल नाबोरचं.
यंदा त्यानं तीन राजे कोरले, उंटांसकट,
उंटांच्या गुडघ्यांवरच्या घट्ट्यांसकट.
पण मुळा कोरला की मरायला लागतो.
घटकेघटकेला पाणी मारा,
नाहीतर राजा आधी मऊ पडतो,
मग तपकिरी,
मग कडेकडेनं काळा.

पाणी मारायचं काम फिदेन्सियाचं.
चाळीस वर्षांत तिनं एक मूर्ती कोरली नाही
आणि एक सुकू दिली नाही.
ऑगस्टमध्ये ती गेली.

तिचा फवारा नाबोरच्या हातात होता, भरलेला.
पण लोक विचारत, किती दिवस लागले हो?
आणि तो सांगत बसे.
एक पाहुणी म्हणाली, आमच्याकडे फिनलंडात
नाताळच्या संध्याकाळी थडग्यांवर मेणबत्त्या लावतात,
बर्फ उकरून.
नाबोर म्हणाला,
आमच्याकडे ते नोव्हेंबरातच उरकतं.
एवढं बोलेपर्यंत
पहिल्या उंटानं मान टाकली.

अठ्ठाविसावर एर्मेलिंदा.
नऊ वर्षांपूर्वी मळ्यात
दोन पायांचा एक मुळा निघाला,
वाफा कोणाचा यावर जुंपली,
आणि तो मुळा दोन्ही घरांच्या मुळावर आला.
तेव्हापासून त्यांच्यात विस्तव जात नाही.

विस्तव जात नाही हे खरं.
काल रात्री पाणी गेलं.

ती आपल्या मारियेला भिजवायची
आणि हात तसाच पुढे न्यायची, न बघता,
शेजारच्या वाफ्याला पाट सोडावा तसं.
तिन्ही राजे. उंट. तुटक्या मानेचाही.
नाबोर तिकडे वळला नाही.
फक्त टेबल जरा
चार बोटं
तिच्या बाजूला सरकवलं.

बक्षीस कुणा तिसऱ्यालाच मिळालं.
सतरा वर्षांचं पोर, त्यानं मुळ्याची मोटारसायकल केली होती,
तिच्यावर योसेफ, मागे मारिया, हेल्मेट नाही.
मग सगळे पाकातले बुन्युएलो खायला गेले.
खाऊन झालं की मातीची ताटली भिंतीवर फोडायची,
इच्छा मनात धरून.
जितके तुकडे तितकं नशीब, असं खाणारे म्हणतात.
मी तितकं झाडतो.

पहाटे चारला चौक माझा.
गाडीत भरतो देवदूत, गाढवं, एक अख्खं बेथलेहेम.
माझ्या मेव्हण्याची डुकरं दर चोवीस तारखेला राजे खातात;
सहा जानेवारीपर्यंत पोचायचं असतं त्यांना,
पण कोपऱ्यापलीकडे कुणी गेलेलं मी पाहिलं नाही.

सगळं काळं पडलं होतं, कुबट वास.
सत्ताविसावर कंदील धरला
तर राजे ओले.
आत्ताच मारल्यासारखे, दाढीवर थेंब.

इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही.
दोन घरं, दोन दिशांना, दोन्हीकडे अंधार.

खराटा उचलला.
सव्वीस झाडलं.
मग अठ्ठावीस.